संवाद पाठ करायच्या आधीचे तीन महिने

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात हिशेब लिहितो. एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा नाट्यशिबिरात गेलो. जाताना एक लांबलचक स्वगत घोकून गेलो होतो. घरात बाथरूमचं दार लावून म्हणायचो, आई बाहेरून विचारायची, कुणाशी भांडतोयस? पहिल्या दिवशी ते सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला शिकवणाऱ्या बाईंनी हात वर केला. "हे तू कुणाला सांगतोयस?" मला उत्तर देता येईना. "बरं, तुला आत्ता काय ऐकू येतंय?" तेही सांगता येईना. बाई म्हणाल्या, "तीन महिने एकही संवाद पाठ करायचा नाही."

तेव्हा अपमान वाटला. आता नवीन कुणी आलं की मीही त्याला तेच सांगतो, म्हणून हे लिहून ठेवतोय. दुसऱ्या गटांत वेगळ्या पद्धतीने शिकवत असतील, त्याला माझी ना नाही. पण ज्याला कुणी सांगणारं नाही, त्याने निदान सुरुवात कुठून करावी एवढं यातून कळेल.

आपण ज्या गावात हे करतोय त्याचीही एक गोष्ट आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा खेळ केला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. मला शिबिरात गेल्यावर कळलं ते असं की त्या खेळांत लिहिलेली असायची ती पदं. सूत्रधार पद म्हणायचा आणि मग नट त्या प्रसंगाचं बोलणं स्वतःच्या तोंडाने, जागच्या जागी करायचे. छापील संवाद पाठ करून करायची 'बुकिश' नाटकं पुढे १८६१ च्या सुमारास आली. म्हणजे सांगलीच्या पहिल्या नटांना पाठांतर नव्हतं. त्यांच्याकडे काय होतं, हा प्रश्न मनात ठेवा. पाचव्या पायरीला तो परत येणार आहे.

काय लागतं

सैल सुती कपडे (जीन्स घालून आलात तर जमिनीवर बसताच येत नाही), एक सतरंजी, पाण्याची बाटली, शंभर पानी वही आणि पेन. एवढंच. शिबिराच्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स मागतात. वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतिपत्र न मागताच घेऊन जा. गुडघा, पाठ, दमा, फिट यांपैकी काही असेल तर ते कागदावर लिहून शिकवणाऱ्याच्या हातात द्या, लाजू नका. मोबाइल घरी ठेवता आला तर सोन्याहून पिवळं.

१. आधी स्वतःकडे बघा, पण आरशात नको

पहिले दोन आठवडे फक्त नोंदी. सकाळी दहा मिनिटं सतरंजीवर पाठीवर पडा, डोळे मिटा आणि पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेक अवयव तपासा. कुठे ताण आहे? तो जाईल असं करायचं नाही, नुसता शोधायचा. जबडा, जिभेचं मूळ, खांदे आणि पोट ही ताण लपायची नेहमीची ठिकाणं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर वर असतो हे मला असं पडून कळलं. दहा वर्षं खतावण्यांवर वाकून बसल्याचा प्रसाद. रंगमंचावर मी राजा झालो तरी तो खांदा हिशेबनिसाचाच राहणार, म्हणून तो आधी माहीत असायला हवा.

मग चालणं. गणपती मंदिरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत रोजच्यासारखे चाला आणि बघा, शरीराचा कुठला भाग पुढे जातो? कुणाचं कपाळ पुढे असतं, कुणाची छाती, कुणाचं पोट. परत येताना दुसरा भाग पुढे काढून चाला. पोट पुढे काढून चाललो की माझा आवाज आपोआप जाड होतो आणि मला समोरच्या माणसाला अडवून काहीतरी सुनवावंसं वाटतं. पात्र सापडायची वाट अशीही असते, बाहेरून आत.

वहीत रोज तीन ओळी लिहा. आज राग कधी आला, शरीरात कुठे आला, आणि तो लपवायला मी काय केलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. त्यावर तिसऱ्या पायरीत बोलू.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला आरशाचा. आरशासमोर सराव केला की आपण कसे दिसतो त्याची सवय लागते, आणि मग रंगमंचावरही आपण मनातल्या आरशाकडे बघत राहतो. स्वतःची जाण वेगळी आणि स्वतःचं भान सुटू न देणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीने माणूस ताठतो.

दुसरा खड्डा मोठा. 'तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठव आणि रड' असा व्यायाम काही जण पहिल्याच दिवशी देतात आणि स्तानिस्लावस्कीचं नाव सांगतात. कॉन्स्तांतिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) हे रशियन दिग्दर्शक. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्यांपैकी. भावनिक स्मृतीवर त्यांनी लिहिलं हे खरं, पण उत्तरायुष्यात त्यांनी भर दिला तो शारीरिक कृतींवर: पात्र काय करतंय ते नीट करा, भावना मागून येईल. ताजी जखम उघडायला लावली तर सरळ 'नाही' म्हणा. नाही म्हणणारा नट कच्चा असतो असं कुणी म्हणालं तर तो शिक्षक कच्चा आहे.

२. श्वास, आवाज आणि आपली बोली

हे थोडक्यात उरकतो, कारण हे समोर बसूनच शिकावं लागतं. पोटाने श्वास घ्यायची सवय करा, खांदे उचलून नको. रोज पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग व्यंजनं स्पष्ट म्हणत अख्खी वर्णमाला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो स्पष्ट आवाज. मोठा आवाज पोचतोच असं नाही. घसा दुखला की थांबा.

बोलीबद्दल मात्र दोन शब्द जास्त. आपल्याकडची पोरं रंगमंचावर पाय ठेवला की एकदम पुण्याची होतात. एरवी 'काय लगा' म्हणणारा तिथे 'अरे मित्रा' म्हणायला लागतो आणि त्या क्षणी त्याच्यातला जिवंतपणा जातो. प्रमाण मराठी यायलाच हवी, तिचा सराव करा. पण सुरुवातीचे सगळे व्यायाम घरच्या भाषेत करा. जीभ अडखळत असेल तर कल्पनाही अडखळते.

३. बघायला शिका: सौद्यातला माणूस

लक्ष एकाग्र करायचा एक सोपा क्रम आहे. आधी हातातली एकच वस्तू, मग खोली, मग खिडकीबाहेरचा रस्ता. प्रत्येकी दोन मिनिटं, आणि मग परत उलट्या क्रमाने हातातल्या वस्तूपर्यंत. स्तानिस्लावस्की याला लक्षाची वर्तुळं म्हणतात. प्रेक्षकांची भीती वाटली की छोट्या वर्तुळात परत यायचं, एवढा त्याचा रोजचा उपयोग.

पण खरी शाळा बाहेर आहे. आठवड्यातून एकदा एसटी स्टँडवर किंवा मंडईत अर्धा तास बसा आणि एकच माणूस बघा. मला माझ्या कामामुळे हळदीचा सौदा फुकटात मिळाला. इतकी वर्षं मी तो बघत होतो, पण बघत नव्हतो. खरेदीदार येतो, हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो. माल आवडलाय. पण आवडलाय हे चेहऱ्यावर दिसलं तर भाव चढणार, म्हणून तो हळकुंड परत ढिगावर टाकतो आणि भलत्याच गोष्टीबद्दल बोलायला लागतो: पाऊस, पोरीचं लग्न, काहीही. शेतकऱ्यालाही कळलेलं असतं. तोही पावसाबद्दलच बोलतो. दोघं पावसाबद्दल बोलतात आणि व्यवहार चाललेला असतो हळदीचा.

नवखा नट याच्या बरोबर उलट करतो. राग आला की राग दाखवतो, दुःख झालं की दुःख दाखवतो. रोजच्या जगण्यात मात्र आपण बहुतेक वेळा लपवायच्या खटपटीत असतो, आणि बघणाऱ्याला ती खटपट दिसते म्हणून आतलं कळतं. वहीतली तिसरी ओळ त्यासाठी. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितलेत. पहिले तीन करता येतात. चौथ्यासाठी मला तरी सौद्यात बसूनच काहीतरी सापडलं.

बघितलेल्या माणसाची नक्कल गटात करून दाखवा, पण हशा मिळवायला नको. लंगडणाऱ्याचं लंगडणं उचललं आणि तो कुठे चालला होता ते सुटलं, तर काहीच उचललं नाही.

४. 'जर' या शब्दाचं काम

कल्पनाशक्ती म्हणजे हवेत बंगले बांधणं असं मला वाटायचं. शिबिरात ती तपशिलाची मजुरी निघाली.

पहिला व्यायाम चहाचा. समोर काही नाही. किटलीतून कपात चहा ओता, बशीत घ्या, फुंकर मारा, प्या. किटली भरलेली असताना मनगटावर किती वजन येतं? ओतल्यावर ते किती कमी झालं? कपाचा कान केवढा? बशी ओठाला लागते तेव्हा भाजतं का? घरी खऱ्या कपबशीने दहा वेळा करा, मग वस्तूशिवाय. माझी किटली पहिल्या दिवशी हवेत सोडलेली राहिली. ठेवायलाच विसरलो.

त्यानंतर 'जर' जोडा. हा चहा जर मुलगी बघायला आलेल्यांसाठी असेल तर? जर किटलीत शेवटचा एकच कप उरला असेल आणि माणसं तीन असतील तर? कृती तीच, पण हात वेगळे चालायला लागतात. प्रत्येक वेळी पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा: मी कोण, कुठे आहे, वेळ कोणती, मला काय हवंय, आणि आड काय येतंय. शेवटच्या दोन प्रश्नांना 'मला आनंदी व्हायचंय' असली उत्तरं चालत नाहीत. 'पाहुण्यांनी साडेपाचच्या आत उठावं' असं उत्तर पाहिजे, म्हणजे मग काहीतरी करता येतं.

इथे माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी मला नव्या मुलांचा एक तास घ्यायला सांगितला. मी मोठ्या हुशारीने प्रसंग दिला: पुराचं पाणी उंबऱ्याला लागलंय, एकच पिशवी भरता येईल, काय घ्याल? दोन मिनिटांत एक मुलगी उठून बाहेर गेली आणि परत आलीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरी हे खरोखर झालेलं होतं. सांगलीत बसून हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? तेव्हापासून मी गटाला आधी विचारतो, कुठले विषय नकोत, आणि ते चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घेतो. तुम्ही आपापसात सराव करणार असाल तर तुम्हीही विचारा.

५. उत्स्फूर्त प्रसंग: घ्या आणि पुढे न्या

सगळ्यांना हाच भाग हवा असतो आणि सगळे इथेच आपटतात. आमच्या गटातला पहिला प्रसंग असा झाला. बाकावर दोघं.

"तासगावची गाडी कवा लागायची, मास्तर?"

"गाडी? ही डॉक्टरची ओपीडी आहे."

हशा आला आणि प्रसंग मेला. पहिल्याने एसटी स्टँड उभा केला होता, दुसऱ्याने एका वाक्यात तो पाडला. आता पहिल्याकडे उभं राहायला जागाच नाही. बाईंनी परत करायला लावलं.

"तासगावची गाडी कवा लागायची, मास्तर?"

"लागंल की. पर तुमाला त्या गाडीनं जाता यायचं न्हाई."

"का वो?"

"मागल्या बारीला तुमी ड्रायव्हरच्या डब्यातली भाकरी खाल्ली."

आता स्टँड आहे, भूक आहे, जुनी भानगड आहे, आणि ड्रायव्हर कुठल्याही क्षणी येऊ शकतो. नियम एवढाच: समोरच्याने दिलेलं खरं माना आणि त्यात आपलं एक घाला. एकच, चार नाही.

जगभर शिकवले जाणारे यातले बरेचसे खेळ अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्याकडून आलेत. त्यांनी शिकागोत मुलांबरोबर काम करताना ते घडवले, म्हणून ते खेळासारखे आहेत: प्रत्येक खेळात लक्ष ठेवायला एक नेमकी गोष्ट असते आणि ती सांभाळताना नटाला लाजायला वेळच उरत नाही. उत्स्फूर्त नाटक शिकवणाऱ्या कीथ जॉन्स्टन यांनी वर-खालचा, म्हणजे कोण वरचढ आणि कोण पडतं घेतो याचा, खेळ दिला. तो आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपण जन्मापासून तोच खेळतो. हे चार संवाद घ्या:

"साहेब आहेत का?"
"बसा."
"मघापासून बसलोय."
"मग अजून बसा."

आधी कारकून वरचढ ठेवा. मग तेच शब्द, पण आलेला माणूस वरचढ. मग दोघंही एकमेकांपेक्षा खाली जायचा प्रयत्न करतायत. शब्द बदलायचे नाहीत. मान किती स्थिर आहे, नजर आधी कोण काढून घेतं, उत्तराआधी कोण किती थांबतं, एवढ्यावर सगळं फिरतं. आम्ही एका संध्याकाळी हा प्रसंग बावीस वेळा केला, आणि बावीसाव्यांदाही नवीन काहीतरी निघालं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका: विनोद करायची घाई, सारखे प्रश्न विचारणं, म्हणजे कल्पना करायचं काम समोरच्यावर ढकलणं, काही सुचेना की मोबाइल वाजवणं, पिस्तूल काढणं किंवा कुणाला तरी मारून टाकणं. आणि समोरचा बोलत असताना पुढचं वाक्य जुळवत बसणं. शेवटची चूक सुधारायला एक खेळ आहे: समोरच्याच्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दानेच तुमचं वाक्य सुरू करायचं. मग ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही.

तर आता भाव्यांचे नट. पाठ नसताना ते बोलू शकले, कारण सीता कोण, जनक कोण, धनुष्य उचलायला रावण आला की काय होणार, हे त्यांना आणि समोरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. चौकट पक्की होती म्हणून आत हुंदडता आलं. तमाशातही तेच. इथून हाकेच्या अंतरावरच्या कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्या समोरच्या गर्दीकडे बघून नवं काही घालतो तेव्हा गोष्ट कुठे चाललीय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. मनाला येईल ते बडबडणं म्हणजे उत्स्फूर्तता, ही समजूत घेऊन आलात तर चौथ्या पायरीवर परत जा. पाच प्रश्नांची उत्तरं लिहिल्याशिवाय बाकावर बसू नका.

६. गट निवडताना

आधी चार तालमी नुसत्या बसून बघायची परवानगी मागा. देत नसतील तर दुसरा गट बघा. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या लागल्या की ओळीने नाटकं बघा, वाईटसुद्धा. वाईट जास्त बघा.

पैशांच्या बाबतीत मी फसलोय. एका ओळखीतून एकाने 'मालिकेत घेतो, आधी पोर्टफोलिओ करा' म्हणून पाच हजार घेतले, दहा फोटो दिले, आणि नंतर फोन उचलणं बंद. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले की तिथेच चहा संपवून उठा. एकट्याने हॉटेलच्या खोलीवर ऑडिशनला बोलावलं तर जाऊ नका, मुलींनीही आणि मुलांनीही. सोबत कुणी असलेलं चालत नाही म्हणाले की उत्तर मिळालं. शिकवताना शरीराला हात लावायचा तर आधी विचारायला हवं, आणि 'कलाकाराला लाज नसते' हे वाक्य ऐकलंत तर चपला शोधायला लागा.

७. मग संहिता

तीन महिने झाले? आता एखादी छोटी एकांकिका घ्या. पहिली तीन वाचनं सपाट, अभिनय न करता. मग प्रत्येक प्रवेशाला ते पाच प्रश्न. पाठांतर करताना चाल लावू नका. एकदा वाक्याला सूर चिकटला की तो सोलून काढायला महिना जातो. भांडी घासताना, गाडी पुसताना, वेगवेगळ्या गतीने पाठ करा.

प्रयोग जाहीर करणार असाल तर कागद आधी जमवा: लेखकाचं लेखी परवानगीपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) संहितेला प्रमाणपत्र, नाट्यगृहाच्या बुकिंगची पावती. महाविद्यालयीन स्पर्धेला बोनाफाइड दाखले लागतात. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवणारा गट मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी त्यांचा दिग्दर्शक तालमीऐवजी झेरॉक्सच्या दुकानात असतो.

पहिल्या नाटकात भूमिका नाही मिळाली तर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा. विंगेतून रोज तेच नाटक बघताना जे कळतं ते समोर बसून कळत नाही. आणि भूमिका मिळाली तर तिसऱ्या घंटेच्या आधी खिसे रिकामे करा. माझ्या पहिल्या एन्ट्रीला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा खिशात होता. पात्र वारकऱ्याचं होतं, आणि टाळ माझ्या हातात नव्हतेच.